दोष बाईचाच कसा?

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी बाईच्या हाताने होते, विडीही बाईच वळते. पण लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की याच कष्टकरी बाईला वांझ ठरविले जाते. तिची पाळी दोन-दोन महिने येत नाही, याची चौकशी कोणी करत नाही. नवऱ्याला दुसरी बायको करून देण्याची चर्चा मात्र सुरू होते. बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरांतही हेच घडत असेल, तर आम्ही कोणते परिवर्तन केले?

विज्ञान काय सांगते? पाळीचे चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते. ते सतत बिघडत असेल, तर थायरॉईड किंवा पीसीओएसची तपासणी करावी लागते. या आजारांत स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, म्हणून गर्भ राहत नाही. पुष्कळदा साध्या गोळ्यांनीही गुण येतो. गर्भनलिकांचा क्षयरोग हेही आपल्या देशात वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषही कारणीभूत असतो! वीर्यतपासणी सर्वांत सोपी, पण तिथे पुरुषी अहंकार आडवा येतो.

मग बाईला बुवा-बाबाकडे नेले जाते. दैवी शक्तीने मूल होईल असे सांगून स्त्रीचे लैंगिक शोषण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे.

१९३८ साली बाबासाहेबांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. पण मातृत्व हा स्त्रीच्या आरोग्याचा आणि निर्णयाचा प्रश्न आहे, हा विचार त्यातून पुढे आला. मूल नको म्हणण्याचा हक्क आहे, तसाच मूल हवे असताना उपचार मिळण्याचाही हक्क आहे. नसबंदीसाठी शिबिरे भरविणाऱ्या सरकारने थायरॉईड, सोनोग्राफी व वीर्यतपासणीची सोय तालुक्याच्या दवाखान्यात दिलीच पाहिजे. मजुरी बुडवून, कर्ज काढून गरिबाने नागपूर का गाठावे?

महिला मंडळांनी हा विषय विहारात घ्यावा. वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर पती-पत्नी दोघांनीही तपासणी करावी. पत्नी पस्तिशीपुढची असेल, तर सहा महिन्यांतच. आणि उपचारानंतरही मूल झाले नाही, तरी बाईचे माणूसपण तसूभरही कमी होत नाही. समतेची परीक्षा सभेत नव्हे, घरात होते!