ईयोबाचे मित्र आपल्या ओसरीवर

दुःखी माणसाच्या पदरात बायबलचे एखादे वचन टाकून मोकळे होण्याची रीत आपल्या ख्रिस्ती समाजात रूढ झाली आहे, आणि तिलाच श्रद्धा म्हणण्याचा प्रघातही पडला आहे. या रीतीला आमचा विरोध आहे. सिल्लोडसारख्या तालुक्यात, जिथे कापूस, मका आणि मिरची यांवर घराचे वर्ष तोलले जाते, तिथे हा विरोध केवळ शाब्दिक राहू शकत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली घातली. अशा वर्षी कर्जात बुडालेला घरधनी रात्र रात्र जागतो, कोणाशी बोलत नाही, भरल्या ताटावरून उठतो. भेटायला आलेले आप्तेष्ट ओसरीवर बसून त्याला सांगतात की, चिंता हे अविश्वासाचे लक्षण आहे, ख्रिस्ती माणसाने रडू नये, तुमचीच प्रार्थना कुठे तरी कमी पडत असेल. चहा घेऊन ते निघून जातात. घरधन्याच्या डोक्यावर मात्र आता दोन ओझी असतात : एक कर्जाचे, दुसरे अपराधीपणाचे. पहिले सावकाराने दिलेले, दुसरे सधर्मीयांनी!

अशा प्रसंगी सर्वाधिक राबवले जाणारे वचन फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले आहे. कशाचीही चिंता न करता सर्व काही देवापुढे मांडावे, असा त्याचा आशय. वचन खरेच आहे. परंतु ते उच्चारणाऱ्यांनी संपूर्ण पत्र वाचले आहे काय? पौल ते तुरुंगातून लिहितो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतल्याचे सांगतो, आणि तो दगावला असता तर आपल्यावर दुःखामागून दुःख कोसळले असते हे लपवत नाही. एपफ्रदीताला परत पाठवल्याने आपलीही काळजी हलकी होईल, असे तो मोकळेपणाने लिहितो. आणि चिंतेविषयीच्या त्या सुप्रसिद्ध वचनानंतर अवघ्या काही ओळींनी तो फिलिप्पैकरांचे आभार मानतो, कारण त्याच्या गरजेच्या वेळी त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा मदत पाठवली. म्हणजे ज्या मंडळीला पौलाने चिंता सोडण्यास सांगितले, तिने आधी त्याची चिंता वाटून घेतली होती. आपण वचन उचलले आणि मदत मात्र विसरलो.

एलीयाची कथा याहून बोलकी आहे. कर्मेल डोंगरावर विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धाकाने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. आपल्याकडे त्याला तीन प्रवचने आणि एक उपवास सुचवला गेला असता. देवाचा दूत काय करतो? त्याला हलवून उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे ठेवतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही, हे दूताला कळते. निषेधाचा एक शब्द नाही. होरेबवरचा संवाद पुढे होतो. भाकरी, पाणी आणि झोप आधी.

रडणे म्हणजे अश्रद्धा असेल, तर स्तोत्रसंहितेचा मोठा भाग फाडून टाकावा लागेल. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्यात शेवटी सांत्वनाची ओळही नाही. तरीही धर्मगुरू व व्रतस्थ म्हणतात त्या प्रहरप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री ख्रिस्तसभेने हेच स्तोत्र ठेवले आहे. लाजरच्या कबरीपाशी प्रभू येशूच्या डोळ्यांत पाणी आले, आणि तेही त्याला उठवणार हे ठाऊक असताना! गेथशेमाने बागेत आपला जीव किती व्याकूळ झाला आहे, हे त्याने शिष्यांपासून लपवले नाही, उलट सोबत जागे राहण्याची विनंती केली. प्रभूने जे मागितले ते देण्यास शिष्य कमी पडले. आपणही तेच करावे काय?

यावर काहीजण म्हणतील की, मग दुःखितांना देवाचे वचन सांगूच नये काय? अवश्य सांगावे, पण अख्खे सांगावे आणि वेळ पाहून सांगावे. रानात येशूची परीक्षा घेणाऱ्या सैतानानेही एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलेच शब्द वापरले होते, हे मत्तयाने नोंदवून ठेवले आहे. तेव्हा शब्द शास्त्रातले आहेत एवढ्याने हेतू शुद्ध ठरत नाही. ईयोबाचे मित्रही वाईट नव्हते. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखात त्याचे पाप शोधायला सुरुवात केली, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला. तक्रार करणारा ईयोब मात्र खरे बोलला, असा निवाडा मिळाला.

या प्रश्नाचे टोक आत्महत्येपर्यंत जाते, म्हणून संकोच सोडून बोलणे भाग आहे. १९१७ च्या धर्मनियमसंहितेने बुद्धिपुरस्सर जीव देणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत दफनविधी नाकारण्याच्या कारणांत आत्महत्या उरलेली नाही. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आत्महत्येला गंभीर चूकच म्हणतो. परंतु तीव्र मानसिक विकार, यातना वा मोठे भय यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये, असेही शिकवतो. ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते. असे असताना मृताच्या विधवेला नरकाची भीती घालणारे कोणत्या ख्रिस्तसभेच्या नावाने बोलतात?

वैद्याकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास, ही समजूतही आपल्या कॅथलिक बायबलशी विसंगत आहे. सिराकचा ग्रंथ आपल्या बायबलात आहे, आणि त्याचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो, औषधे देवानेच भूमीतून निर्माण केली असे म्हणतो. प्रार्थना करा आणि वैद्यालाही जागा द्या, हा त्याचा क्रम. पाय मोडला तर आपण हाडवैद्य गाठतो; मन मोडले की फक्त नोव्हेना का? शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक चर्चच्या फलकावर मिस्साच्या वेळांशेजारी लिहिला, तर पावित्र्याला कोणताही बाध येणार नाही.

वाचकहो, शेजारच्या घरी जाताना पवित्र शास्त्र अवश्य न्या. पण सोबत डब्यात भाकरी असू द्या, त्याच्याबरोबर बँकेत जाण्याची तयारी असू द्या आणि गप्प बसण्याचे धैर्य असू द्या. त्याला रडू द्या, देवावर रागावूही द्या. देवाने ईयोबाचा राग सोसला, आपला सोसणार नाही काय? वचन कोणते वाचायचे, हे मग तोच तुम्हांला विचारील.