नवा पिस्टन आणि चोरटी हवा

मृगापूर्वीच्या वादळाने बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळीच्या बागा आडव्या होतात, हे आपणा सर्वांच्या अनुभवाचे आहे. बांधावरचा जुना निंब किंवा बाभूळ वाटेवर कोसळली, तर बैलगाडी आणि ट्रॅक्टर दोन्ही अडतात. अशा वेळी दापोऱ्यासारख्या गावात आता कुऱ्हाडीऐवजी साखळीची करवत बाहेर निघते. तरुण मंडळी तिला चेनसॉ म्हणतात.

हे यंत्र बिघडले की ते घरीच खोलण्याकडे आपला ओढा असतो, आणि त्यात गैर काही नाही. सिलिंडर-पिस्टनचा नवा संच आणावा, ओसरीवर पोते अंथरावे आणि संध्याकाळपर्यंत यंत्र जोडून काढावे. रस्सी ओढताच ते गर्जूही लागते. घरातील सर्वांना हायसे वाटते. परंतु वाचकहो, खरी कसोटी येथूनच सुरू होते. घरी जोडलेले यंत्र चालू होणे ही एक गोष्ट, आणि ते टिकणे ही दुसरी.

आपल्या विहिरीवरचे डिझेल इंजिन आणि ही करवत यांत एक मोठा भेद आहे. डिझेल इंजिनाच्या पोटात तेलाचा निराळा साठा असतो. करवतीला असा साठा नाही. राजदूत, येझदी किंवा लूना ज्यांनी चालविली आहे, त्यांना पेट्रोलमध्ये तेल ओतल्याचे स्मरत असेल. येथेही तोच प्रकार आहे. पेट्रोलबरोबर जे तेल आत जाते, तेवढेच पिस्टनचे वंगण. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते. तिचा इंजिनाशी संबंध नाही. म्हणून आत पेट्रोल कमी आणि हवा अधिक गेली, तर यंत्र तापते आणि त्याच क्षणी त्याचे वंगणही घटते. नव्या पिस्टनवर ओरखडे उठतात, रिंग अडकते आणि खर्चून आणलेला संच पहिल्याच दिवशी वाया जातो.

म्हणून पहिला नियम असा : कार्बोरेटरच्या स्क्रूला लागलीच हात लावू नये. यंत्र नीट चालत नाही असे दिसताच आपण पेचकस घेऊन तो स्क्रू फिरवू लागतो. त्याने खोड झाकली जाते, जात नाही. जेथे आपला हात शेवटी लागला, तेथे दोष प्रथम शोधावा.

यंत्र मुळीच चालू होत नसेल, तर प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते, परंतु ठिणगी किंवा दाब कमी पडतो. प्लगच्या टोकांतील अंतर बहुधा अर्धा मिलिमीटर असते. चुंबकाचे चाक आणि कॉइल यांत साधारण भेटीच्या जाड कार्डाएवढी फट असावी. त्या चाकाची चावी तुटली किंवा सरकली, तर ठिणगी अवेळी पडते आणि रस्सी हाताला झटका देते. पिस्टनच्या माथ्यावरील बाण सायलेन्सरच्या बाजूस आहे ना, आणि रिंगची टोके खाचेतील खिळीवर नीट बसली आहेत ना, हे जोडतानाच पाहिलेले बरे. ते चुकले असेल तर सिलिंडर पुन्हा उतरविण्यावाचून गत्यंतर नाही.

यंत्र चालू होते, पण वेग देताच गुदमरून बंद पडते, तेव्हा पेट्रोलची वाट तपासावी. टाकीतील गाळणी, कडक झालेली नळी, टाकीच्या हवेचे छिद्र हे सर्व पाहावे. या करवतीच्या कार्बोरेटरात तरंगणारा गोळा नसतो, पातळ पडदे असतात. त्यामुळेच ती आडवी-उलटी कशीही धरली तरी चालते. आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत १९२९ साली पेट्रोलवर चालणारी करवत काढली, तेव्हा ती ४६ किलोची होती आणि दोघांनी धरावी लागे. आजच्या हलक्या करवतीत क्रँकच्या पेटीतील दाबाची चढउतार त्या पडद्याला हलविते आणि पेट्रोल ओढले जाते. ही चढउतार एका बारीक छिद्रातून येते. नवे गॅस्केट उलटे बसले आणि ते छिद्र झाकले गेले, तर सगळे नवे असूनही यंत्र उपाशी राहते. पडदा आणि गॅस्केट यांचा क्रमही उलटासुलटा होता कामा नये. खोलताना प्रत्येक टप्प्याचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढील घोटाळा टळतो.

तिसरे लक्षण सर्वांत घातक. वेगाचा दट्ट्या सोडला तरी यंत्राचा आवाज उतरत नाही, उलट चढतच जातो. अननुभवी माणसाला वाटते, यंत्रात जोर आला. वस्तुतः ते मरणाच्या वाटेवर असते. कोठून तरी चोरटी हवा आत शिरते आहे. त्यात साखळीही थांबत नाही; अशी करवत हातात असलेल्या माणसाच्या मांडीला किती अवधी मिळणार? तत्काळ यंत्र बंद करावे. बटणाने बंद न झाल्यास चोक पूर्ण ओढावा.

चोरट्या हवेच्या जागा ठरलेल्या आहेत : सिलिंडरखालचे गॅस्केट, कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधील रबरी नळी, आणि क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील. जुने सील तसेच ठेवून नवा पिस्टन घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. शोध घेण्यासाठी तापलेल्या यंत्रावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा कधीही मारू नये. हवेची आणि सायलेन्सरची तोंडे रबर व पट्टीने बंद करावीत, प्लगच्या जागेतून हातपंपाने साधारण अर्धा बार दाब भरावा आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. चाक हळूहळू फिरवून पुन्हा पाहावे. जेथे बुडबुडा, तेथे चोर. काही सील आतून दाब दिल्यास धरतात, परंतु ओढ लागली की हवा सोडतात. म्हणून उलट, निर्वाताची परीक्षाही घ्यावी. हातपंप नसेल तर ही एवढीच परीक्षा तालुक्याच्या कारागिराकडून करून घ्यावी. तिचा खर्च दुसऱ्या संचापेक्षा खचित कमी आहे.

हवा बंद झाल्यावरच स्क्रूची वेळ येते. स्क्रू किती फेरे उघडावेत, हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. प्रारंभी पेट्रोल किंचित अधिकच असू द्यावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने मिश्रण आणखी विरळ होते, जुने रबर बिघडते आणि ते पाणीही ओढून घेते. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल मिसळावे आणि हंगाम संपताच टाकी रिकामी करावी. ५० ला १ या प्रमाणात एका लिटरला २० मिलिलिटर तेल लागते, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नये. औषधाच्या मापाने मोजावे.

पहिल्या एक-दोन टाक्या संपेपर्यंत भार नसताना पूर्ण वेग देऊ नये. यंत्र थंड झाल्यावर स्क्रू आवळलेले आहेत ना, ते पाहावे. लाकूड कापल्यानंतर प्लग काढावा : फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर थांबावे, काळा व ओला असेल तर पेट्रोल अधिक होते आहे. दट्ट्या सोडल्यावर साखळी जागीच थांबली पाहिजे. एवढे झाल्याशिवाय करवत मुलांच्या हाती देऊ नये आणि शेजाऱ्यालाही उसनी देऊ नये.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याची परीक्षा त्याच्या हातापेक्षा त्याच्या धीराची असते. दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःच्याच कामावर संशय घेणे जड जाते; पण बहुतेक दोष तेथेच सापडतो. वाटेवर पडलेला निंब आणखी एक दिवस पडून राहिला तर चालेल.