इंजेक्शनची गोष्ट आधी सांगा

गेल्या महिन्यात रेवसहून आमच्या एका वाचकाचा फोन आला. त्याचे मामू ६८ वर्षांचे. उमर कुवेतच्या नोकरीत गेली, आता गावी असतात. रक्तात पीएसए वाढलेला निघाला, मग एमआरआय आणि बायोप्सी झाली आणि प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचे कळले. रोग ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, धोका मध्यम. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात रेडिएशन घ्या. "आम्ही कुणाचे ऐकायचे?" असा भाच्याचा सवाल. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

आम्ही विचारले, मामू आणखी कोणती औषधे घेतात? ब्लडप्रेशरची गोळी, शुगरची गोळी, एवढे सांगून तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घेतात. ताकदीचे. कुवेतपासून चालू आहे. मामीनाही ठाऊक नाही." ते इंजेक्शन टेस्टोस्टेरॉनचे होते आणि दोन्ही डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता. ऑपरेशन की रेडिएशन हा प्रश्न त्यानंतरचा. आधी ही गोष्ट डॉक्टरांपुढे यायला हवी होती.

असे का, ते समजून घेऊ. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर अवलंबून असते. हे हार्मोन बंद केले की पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणून कॅन्सर निघाला की डॉक्टर सहसा टेस्टोस्टेरॉन थांबवतात.

मग मामूंना इंजेक्शनमुळेच कॅन्सर झाला का? तसे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स या अभ्यासात पाच हजारांहून जास्त पुरुष होते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सरचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. मात्र ज्यांचा पीएसए आधीच जास्त होता, त्यांना त्यात घेतलेच नव्हते. तेव्हा मामूंनी स्वतःला दोष देऊ नये आणि घरच्यांनीही देऊ नये.

आता उपचारांकडे येऊ. ग्रंथीतच असलेल्या रोगात घाई करावी लागत नाही. ब्रिटनच्या प्रोटेक्ट अभ्यासात १,६४३ पुरुषांना ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख अशा तीन गटांत वाटले होते. १५ वर्षांनंतर या कॅन्सरने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जास्त होते. म्हणजे विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला काही आठवडे नक्की मिळतात.

टेस्टोस्टेरॉनचा प्रश्न इथेच येतो. मध्यम धोक्याच्या रोगात रेडिएशनसोबत अनेकदा चार ते सहा महिने टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शने देतात. धोका जास्त असेल तर दीड ते तीन वर्षे. ज्या माणसाने थकवा जावा म्हणून हार्मोन घेतले, त्याला आता उलटे औषध मिळणार. थकवा येतो, अंगातून गरम वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, शुगर बिघडू शकते. ऑपरेशननंतर असे दाबणारे औषध बहुधा लागत नाही. पुढे पीएसए शून्यासारखा राहिला तर काही डॉक्टर जपून टेस्टोस्टेरॉन पुन्हा देतातही, पण त्याचा पुरावा अजून थोडा आहे. ते आपल्या मनाने सुरू करायचे नाही.

ऑपरेशनची किंमत वेगळी. लघवी गळणे आणि पती-पत्नीच्या संबंधात अडचण, हे दोन्ही त्यात जास्त दिसते. रेडिएशनने शौचाचा त्रास होऊ शकतो. मामूंची खरी भीती भाच्याने नंतर सांगितली: "लघवी गळू लागली तर माझ्या नमाजचे काय?" ही भीती कितीतरी बुजुर्गांच्या मनात असते. शरियतने माजूराला सवलत दिली आहे. आपल्या कोकणातल्या शाफई मसलकात पॅड बांधून, वेळ झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू करायचा असतो. आपल्या मौलानांना विचारून घ्या, पण या भीतीने उपचार टाळू नका. बहुतेकांचे गळणे काही महिन्यांत बरेच कमी होते.

जाण्यायेण्याचाही हिशेब मांडा. रेडिएशन म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, बरेचदा चार आठवडे किंवा त्याहून जास्त. रेवसहून रोज लाँच धरून भाऊच्या धक्क्याला आणि तिथून परळच्या टाटा हॉस्पिटलला जाणे या वयात झेपणार नाही, मुंबईत मुक्काम हवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे करा.

पुढच्या भेटीला मामू, मामी आणि भाचा तिघे गेले. इंजेक्शनचा कागद मामूंनी स्वतः डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितले?" मामू म्हणाले, "लाज वाटली." डॉक्टरांनी पुढचे इंजेक्शन थांबवले, टेस्टोस्टेरॉन आणि पीएसए पुन्हा तपासायला सांगितले, हाडांची तपासणीही लिहून दिली. ते अहवाल आल्यावर उपचार ठरेल. परतताना लाँचमध्ये मामी एवढेच म्हणाल्या, "मला सांगितले असते तर मी काय रागावले असते?"

तुमच्या घरातही कुणी 'ताकदीचे' इंजेक्शन किंवा जेल घेत असेल, तर त्याचे नाव आजच कागदावर लिहून फाइलीत ठेवा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.