‘पडू नका’ सांगून कुणी पडायचे थांबत नाही

खुब्याचे हाड मोडलेला एखादा तरी वृद्ध रुग्ण अस्थिरोग विभागात नाही, असा दिवस सरकारी रुग्णालयात सहसा जात नाही. कारण बहुतेक वेळा अगदी साधे असते. रात्री लघवीला उठले आणि मोरीत पाय घसरला, पायपुसणे सरकले, उंबऱ्याला ठेच लागली. शस्त्रक्रिया होते, हाड जुळते, पण यातले बरेच जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवर झालेल्या १०८ चाचण्यांचा आढावा ‘कॉक्रेन’ने २०१९ मध्ये घेतला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. हा व्यायाम म्हणजे जिम नव्हे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, भिंतीशेजारून एका पावलापुढे दुसरे पाऊल लावत चालणे, असा तोल सांभाळायला शिकवणारा आणि पायांत बळ आणणारा व्यायाम. तो आठवड्यातून किमान तीन दिवस आणि महिनोन् महिने करावा लागतो. त्याच्या जोडीला मोतीबिंदू काढणे, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांकडून तपासून घेणे, मोरीत धरायला दांडी बसवणे.

हे सगळे आम्ही सांगतो. व्यायामाची चित्रे असलेला कागद देतो आणि पुढच्या खेपेला तो केसपेपरमध्ये तशीच घडी घातलेला सापडतो. दोष आळसाचा आहे असे मला वाटत नाही. ब्रिटनमधील लूसी यार्डली आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ज्येष्ठांशी सविस्तर बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. पडण्याबद्दलचा सल्ला चांगला आहे, पण तो आपल्यापेक्षा म्हाताऱ्या, अशक्त माणसांसाठी आहे, असा सूर त्यात वारंवार निघाला. आपल्याकडे ऐंशीचे आजोबा ‘काठी काय म्हाताऱ्यांनी घ्यायची’ म्हणतात तेव्हा घरचे हसतात. त्यामागे लाज असते, आणि भीतीही. काठी हातात घेतली की आपण परावलंबी झालो हे गावभर कळणार, ही ती भीती.

अशा माणसाला आणखी भीती घालून काही साधत नाही. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडवण्याच्या संदर्भात ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ ही पद्धत मांडली. प्रेरक समुपदेशन म्हणू या. तिचे मर्म सोपे आहे. माणूस ज्या बाजूने बोलतो ती बाजू त्याला स्वतःला पटत जाते. डॉक्टर ‘व्यायाम करा’ म्हणू लागले की रुग्ण ‘गुडघे दुखतात, वेळ नाही, या वयात कुठे’ असे म्हणू लागतो आणि स्वतःच्याच शब्दांनी न करण्याच्या बाजूला पक्का होतो. म्हणून करण्याची कारणे त्याच्या तोंडून यायला हवीत.

बाह्यरुग्ण विभागात ते साधारण असे घडते.

‘आजी, मागच्या महिन्यात पडलात म्हणे. तुम्हाला काय वाटतं त्याबद्दल?’

‘काय वाटायचंय? सून आता एकटीला देवळात जाऊ देत नाही.’

‘देवळात जाणं तुम्हाला महत्त्वाचं आहे.’

‘मग! तिथंच तर चार बायका भेटतात.’

‘पायांत बळ यावं म्हणून रोज थोडा व्यायाम करायचा, तर दहापैकी किती मनावर घ्याल?’

‘चार म्हणा.’

‘चार? दोन का नाही?’

या शेवटच्या प्रश्नात सगळी खुबी आहे. ‘आठ का नाही’ विचारले असते तर अडचणींची यादी आली असती. ‘दोन का नाही’ म्हटल्यावर आजी म्हणतात, ‘नाही, पाय धड राहिले तर सून सोडेल की मला.’ आता ‘एक-दोन गोष्टी सुचवू का?’ असे विचारून मगच ओट्याजवळचा व्यायाम सांगायचा आणि तो कधी करणार हे त्यांनाच ठरवू द्यायचे. चहा उकळेपर्यंत, असे त्या म्हणाल्या तर चहा उकळेपर्यंत.

घरच्यांची काळजी मी समजू शकतो, पण ‘आई, तू आता बसून राहा’ हा सर्वांत घातक सल्ला आहे. बसून राहिल्याने स्नायू झडतात, तोल आणखी जातो आणि पुढचे पडणे जवळ येते. मुलासुनांनी आदेश देण्याऐवजी ‘तुला पुन्हा काय करता यायला हवंय?’ एवढे विचारले आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकले, तरी अर्धे काम होते. मात्र चक्कर येऊन किंवा शुद्ध हरपून पडले असेल, वा कुणी वरचेवर पडत असेल, तर गप्पांत वेळ न घालवता आधी तपासणी हवी. विस्मरणाचा आजार असेल तिथे हे समुपदेशन रुग्णापेक्षा सांभाळणाऱ्याशी करावे लागते.

या पद्धतीचे गोडवे गाण्याआधी एक आकडा पाहायला हवा. अमेरिकेत ८६ दवाखान्यांतील ७० वर्षे व त्यापुढच्या ५,४५१ जणांवर ‘स्ट्राइड’ ही चाचणी झाली. परिचारिकांना प्रेरक संवादाचे प्रशिक्षण देऊन प्रत्येकाची पडणे टाळण्याची योजना आखली गेली. २०२० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गंभीर इजांमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट दिसली नाही. माझ्या मते संवादाने माणूस तयार होतो, पण तयार झालेल्या माणसाला व्यायाम शिकवणारे, पुन्हा बोलावणारे कुणी नसेल तर ती तयारी दोन आठवड्यांत विरते.

आपल्याकडे ती सोय कागदावर तरी आहे. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड आणि भौतिकोपचार, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा स्वतंत्र तपासणी धरलेली आहे. एचआयव्हीच्या निमित्ताने सरकारी रुग्णालयांत समुपदेशक हे पदही रुजले आहे. त्याच धर्तीवर ज्येष्ठांच्या तपासणीच्या दिवशी एका परिचारिकेला या संवादाचे प्रशिक्षण देऊन तिच्याकडे फक्त हे काम सोपवावे. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला रुग्णामागे तीन मिनिटे मिळतात. तिला दहा मिळावीत, आणि पंधरा दिवसांनी त्या आजींना फोन करून ‘चहा उकळताना काय चाललंय?’ एवढे विचारण्याची मुभाही.