म्हादईचा हिशेब पुन्हा मांडा

म्हादई लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी वाटून दिले. वाटणी झाली, पण शिल्लक तेवढीच राहणार, हे कुणी ठरवले? खोऱ्यात 188 टीएमसी पाणी हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवरचा. जुलै 2021 मध्ये याच नदीने सत्तरीत घरे बुडवली. ऑगस्ट 2023 मात्र देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वर्षाची बेरीज जुळेलही! पण धो-धो पाऊस डोंगरात मुरत नाही, थेट समुद्र गाठतो. संथ पाऊस मुरला तरच उन्हाळ्यात झरे टिकतात. आणि आपण कणकुंबीचा डोंगर खणायला निघालो! कळशाचे पाणी मलप्रभेत वळवायचे म्हणतात. ती मलप्रभाही कणकुंबीतच उगम पावते, हे यांना कुणी सांगावे? हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, तिची टिंगल नको. पण खानापूरच्या झऱ्यांचा विचार कोण करणार? बेंगळुरू नाही, पणजीही नाही, आणि आमचे पुढारी तर निवडणुकीपुरतेच जागे होतात. महिनावार प्रवाह मोजून गावोगावी जाहीर करा. तोवर कळसा-भांडुऱ्याचे काम थांबवा, ही मागणी खानापूरकरांनी लेखी द्यावी.