गायतोंडे लक्षात राहिला, जुनैद नाही

६ जुलै २०१८ ला 'सेक्रेड गेम्स'चा पहिला सीझन नेटफ्लिक्सवर आला. भारतात बनलेली त्यांची ही पहिली ओरिजिनल मालिका, आठ भागांची. आज तिच्याबद्दल कुणालाही विचारा. गायतोंडेचा स्वतःला देव म्हणवणारा संवाद पाठ असतो. कुक्कू आठवते, शिव्या आठवतात, जितेंद्र जोशीचा काटेकर तर प्रत्येकालाच आठवतो. मग विचारा, जुनैद कोण होता? समोरचा मोबाइल काढून शोधायला लागतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या मालिकेतली सर्वांत धाडसी गोष्ट जुनैदची होती. प्रेक्षक ती विसरले, समीक्षकांनी तिच्यावरून उडी मारली आणि शेवटी मालिकेनेही तिला वाऱ्यावर सोडलं. त्याची किंमत पडद्याबाहेर मोजावी लागतेय.

आठवत नसेल तर सांगतो. सरताज सिंग आपल्याला भेटतो तो गायतोंडेचा फोन येण्याआधीच अडकलेला. पोलिसांच्या गोळीने जुनैद नावाचा निःशस्त्र पोरगा मेलाय. चौकशी चालू आहे. पोराकडे हत्यार होतं असं सरताजने सांगावं, अशी वरिष्ठ अधिकारी पारुळकरची अपेक्षा आहे. म्हणजे मालिकेचा नायक सुरुवातीला चोर पकडत नसतो, खोटं बोलायचं की नाही हे ठरवत असतो. हिंदी पडद्यावर पोलिसाची ओळख अशी क्वचितच करून दिली जाते.

काटेकरचंही तेच. आपल्या लोकांना तो आवडला, कारण तो घरी बायकोशी आपल्यासारखं मराठी बोलतो. पण हाच काटेकर हरवलेल्या पोराची चौकशी करायला आलेल्या मुस्लिम बाईला झिडकारतो. अन्याय एन्काउंटरच्या गोळीपासून सुरू होत नाही, तक्रार ऐकून न घेण्यापासून सुरू होतो, हे लेखकांना पक्कं ठाऊक होतं. काटेकरच्या मरणावर रडलेल्यांनी तो प्रसंग सोयीस्करपणे गाळला.

आता पडद्यावरून आमच्याकडे या. शहाडला राहणाऱ्याला बदलापूर लांब नाही, कल्याणला गाडी बदलली की झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदवण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून राहावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि दिवसभर गाड्या थांबल्या. तो राग शंभर टक्के खरा होता. मागणीही बरोबर होती, की आमची तक्रार वेळेत का घेतली नाही?

२३ सप्टेंबरला आरोपी मेला. तळोजा तुरुंगातून नेताना, मुंब्र्याजवळ, पोलिसांच्या गाडीत. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, आम्ही स्वसंरक्षणासाठी झाडली, असं पोलिसांनी सांगितलं. दोन दिवसांत उच्च न्यायालय म्हणालं, याला चकमक म्हणणं कठीण आहे. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. त्या अहवालावर पुढे न्यायालयात लढाई सुरू झाली.

पण त्या रात्री कुणाला थांबायचं होतं? मुंबईत हातात बंदूक घेतलेल्या गृहमंत्र्यांचे 'बदला पुरा' असे फलक लागले. व्हॉट्सॲपवर स्टेटस झळकले. मृतदेह पुरायला जागा देण्यावरूनही विरोध झाला. शेवटी तो पोलीस बंदोबस्तात उल्हासनगरच्या स्मशानभूमीत पुरला गेला.

इथे ठरलेला प्रश्न येतो, 'तुला त्या नराधमाचा कळवळा आहे का?' नाही. मला त्या दोन मुलींचा हिशोब अपुरा राहिल्याचं दुःख आहे. खटला चालला असता तर साक्षी झाल्या असत्या, उलटतपासणी झाली असती. कुणी उशीर केला, कुणी दडपलं, कुणाला आधीच माहीत होतं, हे प्रश्न मुख्य आरोपीला विचारले गेले असते. आता तो कायमचा गप्प आहे. आयटीत काम करणाऱ्या कुणालाही हे समजेल. तिकीट 'क्लोज्ड' केलं म्हणजे बग सुटला असं नसतं. बग तसाच राहतो, फक्त त्याच्याबद्दल बोलणं थांबतं.

हे आपल्याला शिकवलं कुणी? ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला, त्याला मुंबईतली पहिली चकमक म्हणतात. तिथून बातम्या आल्या, 'स्पेशालिस्ट' आले, मग 'अब तक छप्पन', 'शूटआउट ॲट वडाला'. बंदुकीचा आवाज म्हणजे न्याय, हे समीकरण आपल्या डोक्यात मनोरंजनाने बसवलं. न्यायालयं काय म्हणतात ते कुणी बघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात अशा मृत्यूंच्या तपासाचे नियम घालून दिले ते २३ सप्टेंबर २०१४ ला. बदलापूरच्या आरोपीला गोळी लागली ती बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. २००६ च्या लखनभैया प्रकरणात १३ पोलीस २०१३ मध्ये दोषी ठरले. त्याच प्रकरणात मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मांनाही जन्मठेप सुनावली. यातलं किती जणांच्या स्टेटसवर आलं?

'सेक्रेड गेम्स' या सगळ्याला छेद देऊ शकली असती. विक्रम चंद्रांची कादंबरीही २००६ चीच. पण १५ ऑगस्ट २०१९ ला दुसरा सीझन आला तो गुरुजी आणि अणुबॉम्ब घेऊन. शहर वाचवायला मोजके दिवस उरले की एका पोराच्या मरणाची चौकशी कोण करणार? बॉम्बची टिकटिक हीच या प्रकारच्या मालिकांची खरी लबाडी आहे. वेळ कमी आहे म्हटलं की मारहाण चालते, खोटं चालतं, गोळीही चालते. आणि पडद्याबाहेर वेळ नेहमीच कमी असतो. निवडणूक जवळ असते, जमाव चिडलेला असतो, चॅनेलवाले दारात असतात.

अभिनय उत्तम होता, दिग्दर्शन उत्तम होतं, हे मान्यच. पण 'वास्तववादी' हे प्रशस्तिपत्र शिव्यांच्या आणि रक्ताच्या हिशोबावर देणं बंद करा. तिच्यातलं सर्वांत वास्तव दृश्य एका खोलीत घडतं. तिथे एका पोलिसाला फक्त एक वाक्य खरं बोलायचं असतं, आणि ते त्याला जड जातं.

तेव्हा जरूर पुन्हा बघा. फक्त जुनैदच्या चौकशीचा प्रसंग आला की दहा सेकंद पुढे जायचं बटण दाबू नका.