डेम्पस्टरचा रस्ता: कोणाचा शोध घ्यायचा?

"दोघीच निघालात?" हा प्रश्न आम्हाला चार जणांनी विचारला. चौघेही भले होते. कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमध्ये समाजकार्य करणाऱ्या एका मैत्रिणीकडे मी जूनमध्ये गेले होते. तिच्या जुन्या ट्रकमधून आम्ही डॉसनजवळून इनुविकपर्यंत जाणार होतो. डेम्पस्टर महामार्ग, जवळजवळ ७४० किलोमीटर, बहुतेक सगळा खडीचा. दोन पुरुष निघाले असते तर त्यांना लोकांनी टायर किती घेतलेत ते विचारलं असतं. आणि खरं तर विचारायची गोष्ट तीच होती!

या रस्त्याखालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली आहे. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून तिच्यावर मीटर-दोन मीटर जाडीचा खडीचा थर टाकून तिला झाकून ठेवलंय. खडीचे कपचे धारदार असतात. आम्ही दोन स्टेपन्या घेतल्या होत्या. सुरुवातीच्या फाट्यापासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर पेट्रोलपंप नाही. बहुतेक वाटेत फोन लागत नाही. समोरून मालाचा ट्रक आला की वेग कमी करायचा, कडेला व्हायचं, आणि पुढच्या काचेवर दगड बसू नये एवढी आशा करायची. जूनमध्ये रात्र होत नाही, त्यामुळे थांबावं कधी तेच कळत नाही.

ईगल प्लेन्सच्या अलीकडे टायर गेला. मला जॅक लावता येतो, पण नट इतके घट्ट बसले होते की आम्ही दोघी पान्यावर उभ्या राहिलो तरी हलेनात. वीसेक मिनिटांनी एक गाडी आली आणि न सांगता थांबली. पन्नाशीची एक ग्विचिन बाई, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाची, आणि तिचा भाचा. तिने पान्याला लांब नळी अडकवून नट सैल केले. "दोघीच कशा?" असं काही तिने विचारलं नाही. निघताना म्हणाली, "इथे थांबलेली गाडी दिसली की थांबायचं. न थांबणाऱ्याला लोक लक्षात ठेवतात."

या रस्त्याला डेम्पस्टर हे नाव का, ते मी नंतर वाचलं. १९१० च्या डिसेंबरात फिट्झगेराल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन जणांना घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाला. वाट दाखवणारा ग्विचिन माणूस त्याने मध्येच परत पाठवला. चौघेही वाट चुकून मेले. ते पोचले नाहीत म्हणून २८ फेब्रुवारी १९११ ला कॉर्पोरल डेम्पस्टर शोधायला निघाला आणि मार्चमध्ये त्याला त्यांची प्रेतं सापडली. डेम्पस्टरला वाट दाखवली चार्ली स्टुअर्ट या ग्विचिन माणसाने. रस्त्याला नाव मात्र डेम्पस्टरचं.

चार हरवलेल्या पुरुषांसाठी भर हिवाळ्यात माणसं गेली, ते योग्यच झालं. पण त्याच देशात किती आदिवासी बायका-मुली नाहीशा झाल्या, आणि घरच्यांनी तक्रार केली की पोलिसांनी ती दारूत असेल, निघून गेली असेल म्हणून टाळलं. (आपल्या गटांतल्या मैत्रिणींना हे उत्तर नवं नाही. "पळून गेली असेल" हे आपण आपल्या पोलीस ठाण्यांत कितीदा ऐकलंय!) कुटुंबांनी कित्येक वर्षं रेटा लावल्यावर २०१६ मध्ये राष्ट्रीय चौकशी सुरू झाली. गावोगावच्या सुनावण्यांतली पहिली २०१७ मध्ये युकॉनच्याच व्हाइटहॉर्स शहरात झाली. २,३८० हून अधिक जणांनी या कामात भाग घेतला आणि जून २०१९ च्या अहवालात न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या गेल्या. खाणी आणि तेलाच्या कामांवर बाहेरून आलेल्या पुरुषांच्या छावण्या आणि स्त्रियांवरची हिंसा यांचा संबंध या अहवालाने सरळ मांडला आहे.

तो मुद्दा या रस्त्याला लागू पडतो. १९५९ मध्ये बांधकाम सुरू झालं ते उत्तरेतलं तेल आणि वायू काढण्यासाठी. मध्ये काम थांबलं, अलास्कात तेल सापडल्यावर पुन्हा धरलं, आणि १९७९ मध्ये रस्ता खुला झाला. ग्विचिन बायकांना दवाखान्याला जाता यावं म्हणून काही तो बांधलेला नाही.

तरी रस्ता नको होता असं मी म्हणणार नाही. आमच्या क्षेत्रातले काही जण तसं म्हणतात. रस्त्याबरोबर दारू येते, परके पुरुष येतात, हे खरंच आहे. पण मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून निघायचं असेल तर बाईला आधी रस्ता लागतो. फोर्ट मॅकफर्सनच्या बाईसाठी इनुविकमध्ये स्त्रियांचं निवारागृह आहे, १८० किलोमीटरच्या आसपास. वाटेत मॅकेन्झी नदी. उन्हाळ्यात ती फेरीबोटीने ओलांडायची, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून गाडी न्यायची.

त्यामुळे "एकटी जाऊ नकोस" असं तिला सांगणाऱ्यांना मला विचारायचं आहे, तुम्ही काय करणार? फोन लागेल अशी सोय करणार का? तिची गाडी पोचली नाही तर त्याच दिवशी शोधायला निघणार का? खडीवर हा नियम सगळ्यांना पाठ आहे, तो ठाण्यातल्या टेबलाशी का लागू होत नाही?

आम्ही बोटीने मॅकेन्झी ओलांडली तेव्हा पाणी मोकळं होतं. शरदात बोट बंद होते आणि बर्फ अजून गाडी पेलत नाही, वसंतात पुन्हा तेच. तेव्हा काही आठवडे रस्ता तुटलेला असतो. त्या आठवड्यांत बाईला निघायचं झालं तर विमानाचं तिकीट लागतं, आणि घरातले पैसे बहुधा नवऱ्याच्या हातात असतात.